पिठाच्या खळीपायी गेलेलं घर

थॉर्नबरो हाऊस, व्हर्जिनिया
२० एप्रिल

तीर्थरूप हेन्रिएटाताईच्या चरणी ऑस्करचा नमस्कार. बाल्टिमोरच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? (माझे बरे आहेत. तू विचारणार नव्हतीसच.) आता खुर्ची ओढ आणि बसून वाच. आपलं घर गेलं.

आजोबांनी गव्हर्नर थॉर्नबरोचं हे घर घेतलं तेव्हा दिवाणखान्यात गायी बांधलेल्या होत्या. आपण लिंडाउअरांनी तीन पिढ्या ते जिवापाड जपलं आणि मी एका कागदावर घालवलं. झालं असं, की वल्हांडण सणात आपल्या यहुद्यांच्या मालकीचं गव्हाचं काही चालत नाही, म्हणून घरातलं पाव-पीठ आपण दरवर्षी शेजारच्या ख्रिस्ती टॅकेटला नावापुरत्या एका डॉलरला विकतो, सण सरला की परत घेतो. विक्रीचा कागद आपले धर्मगुरू, रब्बी, करतात. यंदा रब्बींना गालगुंड! म्हटलं, त्यात काय एवढं? मीच लिहितो. (हसू नकोस. वकिलीचं एक वर्ष मी केलंय.) पाव लिहिला, शेवया लिहिल्या, आणि नजर गेली भिंतींवर. गव्हर्नरच्या वेळचा नक्षीचा कागद, तोही गव्हाच्या खळीने चिकटवलेला! धर्म म्हणजे धर्म. भिंती लिहिल्या. भिंती त्याच्या झाल्यावर छप्पर काय माझ्या टाळूवर ठेवू? तेही लिहिलं. परत घ्यायचं तेवढं लिहायचं राहिलं.

सण संपला, मी टॅकेटचा डॉलर परत करायला निघालो, तर स्वारी आपल्याच व्हरांड्यात, आजोबांच्या खुर्चीत! म्हणतो, "ऑस्कर, गड्या, साठ वर्षं हे घर कुंपणापलीकडून बघतोय. आता जरा अलीकडून बघू दे की!" वर मलाच विचारतो, पाय पुसलेस का? ताई, अंगाचा तिळपापड झाला. मग रडूही आलं, खोटं कशाला सांगू? आजोबांच्या नावाला मी काळं फासलं. शेवटी टॅकेट म्हणाला, "देतो परत. पण कागदावर हेन्रिएटाची सही हवी. तुझ्या लिखाणावरचा माझा विश्वास उडालाय." सोबत कागद जोडलाय. सही करून उलटटपाली धाड, मध्ये पाणीसुद्धा पिऊ नकोस.

तुझा अभागी भाऊ,
ऑस्कर

ता. क. पाणी पी. टॅकेट सकाळीच शिडी लावून छपरावर चढला. वरून ओरडतो, "लाज नाही वाटत? एवढं जुनं घर असं गळू देतात?" उत्तरेकडची बाजू (जिच्याखाली आपण अकरा वर्षं बादल्या मांडतोय) त्याने पदरचे पैसे घालून, माणसं लावून संध्याकाळपर्यंत पार नवी केली.

पुन्हा ता. क. दक्षिण बाजू बाकी आहे. सहीची घाई नको. तुझा हात दुखतोय असं मी त्याला सांगितलंय, तेव्हा जूनपर्यंत दुखू दे.