देवदाराखालचं लोखंड

बर्ल्स क्रीक, टेनेसी
ता. ९ मार्च १९८७

प्रिय ताईस,
वर्लनचा सप्रेम न. वि. वि.

उशीर झाला म्हणून शिव्या देऊ नकोस, हात मातीत होते. रस्त्यावाल्यांनी आपल्या खालच्या शेतात खुंट्या ठोकल्यात. उन्हाळ्यात बुलडोझर येणार, त्याआधी ती जागा मला पालथी घालायचीय. आजोबांची लोहारशाळा तिथंच जळाली आणि त्याच्याही आधी यादवी युद्धात सैनिकांची छावणी तिथंच पडली होती, हे तुला ठाऊक आहे. लोखंडाचा नुसता उकिरडा. माझं धातू शोधायचं मशीन लोखंडावर सारखं घुर्र घुर्र करतं आणि खालच्या पितळेला, शिशाला बोलूच देत नाही.

मग आमच्या मशीनवाल्यांच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांची युक्ती केली. आधी लोखंड वेचायचं. खिळा, नाल, साखळी, जे घुर्र करेल ते उपसायचं, खड्डा बुजवायचा, वर हिरवळ थापायची. हिवाळाभर तेच केलं. पिंपभर लोखंड भंगारवाल्याकडे गेलं. आता मशीन कसं गातं म्हणून सांगू! सैनिकांच्या डगल्यांची, गरुडाच्या छापाची नऊ बटणं मिळाली, गोळ्या मिळाल्या आणि कमरपट्ट्याचं अख्खं बक्कल. मंडळातली तोंडं बघण्यासारखी झाली. तू म्हणशील, बायको गेली आणि याला भंगाराचं वेड लागलं. म्हण बापडी.

आईला हे वाचून दाखव. तिचा पाय कसा आहे ते कळव. तुझ्या लोभावर या एकट्याचं चाललंय, त्यात कपात नको.

तुझा,
वर्लन


डेटन, ओहायो
ता. १७ मार्च

चि. वर्लन यास अ. आ.

नऊ बटणं सापडली, आता शर्टाला एक तरी नीट लावायला शीक. आईचा पाय आहे तसाच आहे, जीभ मात्र ठणठणीत.

तुझं पत्र जेवताना वाचलं. रस्ता खालच्या शेतातून जाणार हे ऐकलं आणि तिनं मक्याचा पाव ताटात ठेवून दिला. माझी तिघं तिथं आहेत, एवढंच म्हणाली.

वर्लन, तुला हे कुणी सांगितलं नाही. माझ्यानंतर आणि तुझ्याआधी तिघं झाली. एकानंही वर्ष पुरं केलं नाही. बाबांनी त्यांना कुंपणाजवळ देवदाराखाली पुरलं. दगडाची ऐपत नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या उशाशी नांगराचा जुना फाळ उभा ठोकला. तिघांचे तीन, एका ओळीत. तिसऱ्याच्या वेळी मी नऊ वर्षांची होते, फाळ सरळ धरायला मलाच सांगितलं. मग बाबांनी बजावलं, घरात यांचं नाव काढायचं नाही. तू झालास, आई पुन्हा हसायला लागली, म्हणून मीही गप्प बसले.

मी रस्त्याच्या कचेरीत फोन केला होता. थडगी दाखवली तर ते ती चर्चच्या आवारात बाबांशेजारी हलवून देतील. खूण मात्र दाखवावी लागेल. ते फाळ शोधून ठेव. वर्लन दाखवेल असं मी आईला सांगितलंय आणि कालपासून ती पोटभर जेवते आहे.

आशीर्वाद नेहमीचेच, उत्तर मात्र लगेच हवं.

तुझी ताई,
मॉडीन


बर्ल्स क्रीक
ता. २४ मार्च

ताईस न. वि. वि.

तीन फाळ होते. उभे होते, ओळीत होते. जानेवारीत मीच उपटले. एक तर इतका घट्ट होता की पहार लावावी लागली. मला तो लोहारशाळेचा कचरा वाटला. घुर्र म्हणजे कचरा, वीस वर्षं हेच शिकलोय. भंगारवाल्याकडे धावत गेलो, तर तो माल गेल्या महिन्यातच भट्टीत गेला म्हणाला.

काल कचेरीचा माणूस आला. तू एक देवदार म्हणतेस, आज कुंपणभर सत्तावीस आहेत. हिवाळ्यात चारशे तरी खड्डे केले, फाळ त्यातल्या कुठल्या जागचे ते आठवत नाही. प्रत्येक झाडाखाली त्याच्यासमोर मशीन फिरवलं. कुठंही चूं नाही. जागा मी इतकी स्वच्छ केलीय आणि हिरवळ इतकी बेमालूम थापलीय, की माझं मलाच सापडेना. या आम्लधर्मी मातीत एवढ्याशा हाडांचं पन्नास वर्षांत काही उरत नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. कागदावर मात्र त्यानं थडगी नाहीत असंच लिहिलं.

ताई, तू एक शब्द आधी बोलली असतीस तर? मला राग येतोय आणि कुणाचा ते कळत नाही.

आईला सांग, सापडली, हलवली, बाबांजवळ आहेत. तिला कुठं जाऊन बघायचंय?

जमलं तर लोभ ठेव.

वर्लन


डेटन
ता. २ एप्रिल

वर्लन,

चूक तुझ्या एकट्याची नाही, हे मला कळतं. पन्नास वर्षं मी तोंड शिवून बसले, ती माझी. पण त्यानं मन शांत होत नाही. तुझं पत्र आल्यापासून मला तुझा हात डोळ्यांपुढे दिसतो, आणि त्यात पहार.

तू म्हणालास तसं आईशी खोटं बोलले. ती खूप रडली. मग तिनं मोठ्यानं नावं घेतली, इलम आणि रूबी. तिसरा नाव ठेवायच्या आधीच गेला, त्याला ती नुसतं बाळ म्हणते. तासाभरानं मला म्हणाली, मला तिथं घेऊन चल, आणि मी गेले की त्यांच्यातच ठेवा. डॉक्टर प्रवास नको म्हणतात. ती कुणाचं ऐकत नाही, प्रवासाचे कपडे कपाटातून काढून खुर्चीवर ठेवलेत.

शनिवारी दुपारी आम्ही पोचतो. बाबांशेजारी तीन लहान ढिगारे करून ठेव. हात-हातभर लांब पुरेत. हिरवळ थापू नकोस, माती ताजी दिसली पाहिजे. खणायला तुला शिकवायला नको.

लोभाचं आज काही लिहवत नाही.

मॉडीन