पेटीतली पोर आणि मुशीचं कालवण

वसई, रविवार

तीर्थरूप जयवंतीमावशीस ज्ञानदाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; टाके आहेत, वाकता येत नाही).

तुझे गुडघे कसे आहेत? वाईत थंडी पडली असेल. फोन करत नाही, कारण तू ‘हॅलो’लाच रडायला लागतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते.

पोर दीड महिना आधी आली, हे तुला कळलंच आहे. वजन एका बऱ्यापैकी पपईएवढं (हे माप सासऱ्यांचं, वाडी करणाऱ्या माणसाला दुसरी मापं पटत नाहीत). ओढून पिण्याची ताकद तिच्यात नाही, म्हणून तिला एनआयसीयूत काचेच्या पेटीत ठेवलंय आणि नळीने दूध देतात. दूध मी काढून द्यायचं. पहिल्यांदा केवढी खटपट केली, तर वाटीचा तळही धड भिजला नाही. ती वाटी मी ओढणीआड लपवून नेली. आल्बिना सिस्टर म्हणाल्या, “लपवतेस काय? एवढंच हवंय तिला. दे इकडे.” त्यांनी ते थेंब सिरिंजमध्ये ओढून घेतले आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं (रडले असं कुठे म्हणतेय मी?).

मग सुनेला दूध येत नाही ही बातमी आमच्या गास गावात पसरली. सासूबाईंची अळिवाची खीर आली. शेजारच्या सुझानकाकी मेथीची पेज घेऊन आल्या. सासऱ्यांनी शतावरीचं मूळ मातीसकट आणलं. तुझा जावई देवेश मात्र सकाळीच अर्नाळ्याच्या बंदरावर गेला आणि मुशी घेऊन आला. मुशी म्हणजे छोटा शार्क मासा; इकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून तोच देतात. आपल्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत उकडायचे, तिथली मी! पण सासूबाईंनी लसूण घालून केलेलं ते कालवण डबा चाटून पुसून संपवलं (मामांना सांगू नकोस). वॉर्डभर असा वास सुटला की शेजारच्या खाटेवरच्या बाईने आमच्या घरचा पत्ता विचारून घेतला.

एवढं करून दूध कशाने आलं माहीत आहे? लिफ्टमध्ये कुणाचं तरी बाळ रडलं. परकं बाळ! आणि माझा कुडता समोरून ओलाचिंब. शेजारी सासरे उभे. त्यांनी लिफ्टचे आकडे असे भक्तिभावाने वाचायला घेतले की विचारू नकोस. बाहेर पडल्यावर खांद्यावरचा पंचा न बघता माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “तू हो पुढे, मी जिन्याने येतो.” आम्ही वरच पोचलो होतो गं!

गेल्या आठवड्यात सिस्टरनी तिला पेटीतून काढून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. नळी तशीच. बराच वेळ ती नुसती पडून होती. मग मान हलवत, मांजराच्या पिलासारखी हुंगत सरकली आणि पकडलं. दोन-तीनदा ओढलं, दमली, झोपली. सिस्टर म्हणाल्या, “पुरे, आज एवढंच.” देवेश काचेपलीकडून मोबाईलवर फोटो काढत होता, सगळ्या फोटोंत त्याचाच अंगठा आलाय. या खेपेला मी तोंड धुवायला गेले नाही. तिथेच रडले.

आता नळी निघाली आहे. ती नीट पिते, वजन वाढतंय, आम्ही सगळे मजेत आहोत. काळजी नसावी.

तुझी,
ज्ञानदा

ता. क. तुझ्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी हवी आहेत. नवं कापड तिला टोचतं.

ता. क. २. दुपटी हे निमित्त. येत्या आठवड्यात तिला घरी सोडणार आहेत आणि मला फार भीती वाटतेय. इथे यंत्र टुकटुक करत सांगत असतं की पोर श्वास घेतेय. घरी कोण सांगणार? आई असती तर तिलाच बोलावलं असतं. तू ये. दोघी मिळून तिच्याकडे बघत बसू.

ता. क. ३. हे पत्र देवेशच्याच हाती दिलंय, म्हणजे तो आत्ता तुझ्यासमोर उभा असेल. त्याला चहा दे आणि पिशवी भरायला घे. परतीची तिकिटं दोन काढली आहेत.