जुनं नाव घासून मिळेल

मी, सांडू पुंजाराम गायके, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय स्टीलच्या भांड्यांचे दुकान, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण अक्षर लागते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी लक्ष्मीबाई हिचा एक्कावन्न वर्षांपासून आहे, तो कायद्याने धरू नये. माझ्या पश्चात लक्ष्मीबाई, मुलगा नानासाहेब आणि मुलगी द्वारका एवढे वारस राहतील.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव लक्ष्मीबाईला. तिच्यानंतर घर नानासाहेबाला. सुनेने तिला "आता तुम्ही बसा" म्हणून स्वयंपाकघरातून उठवू नये. ती बसली की आजारी पडते.

२. लासूर स्टेशनजवळच्या जमिनीतला माझा वाटा नानासाहेबाला. त्याला शेतीतले काही कळत नाही, पण विकू नये एवढे कळते.

३. शेजारचे दुकानदार काकासाहेब यांना माझ्या दुकानातली एका कानाची कढई द्यावी. मंदीत मी पाटी लावली तेव्हा हे गृहस्थ पोट धरून हसले आणि आठव्या दिवशी तीच पाटी त्यांनी स्वतःच्या दुकानावर लावली. कढईला दुसरा कान त्यांनी स्वखर्चाने बसवावा.

४. दुकान, त्यातला सगळा माल आणि नाव टाकायचे मशीन द्वारकाला. ती तीनदा म्हणाली आहे की मी हक्कसोड करून देते. आपल्याकडच्या बहिणी देतातच. पण तिच्याकडे कोणीही सही मागू नये. दुकान तिलाच का, ते लिहितो.

सन २००८ च्या दिवाळीनंतर इथल्या कंपन्यांच्या पाळ्या कमी झाल्या. आमचे गिऱ्हाईक सगळे कंपनीतले. लग्नात आहेर म्हणून भांडे देणारे लोक पाकीट द्यायला लागले. एक्कावन्न नगांचे संसार सेट काचेआड धूळ खात पडले. मग मी सेट फोडून सुटे पातेले विकले. कुकरचा दांडा, कढईचा कान, जे जोडता येईल ते जोडून दिले. तेही पुरेना, तेव्हा पाटी लावली: "भांडी मोडीत घेऊ. वापरलेले चांगले भांडे निम्म्या भावात. जुनं नाव घासून, नवं टाकून मिळेल."

लोक पोत्यात घालून संसार आणू लागले. मी बफच्या मोटरवर भांड्यावरचे नाव घासायचो आणि त्यावर दुसऱ्या नवरीचे टाकायचो. घेणाऱ्याला भांडे स्वस्त हवे असे, पण त्यावर परके नाव नको असे. दुकानात मी एकच नियम केला होता, घासण्याआधी नाव वाचायचे नाही. वाचले की हात चालत नाही. त्या नियमावर दुकान तगले आणि नानासाहेबाचे शिक्षण पार पडले. लोक मला हुशार म्हणाले आणि मी ते ऐकून घेतले.

२००९ च्या मार्चमध्ये मुकुंदवाडीची आवडाबाई नावाची बाई एक पोते घेऊन आली. ती द्वारकाची शेजारीण होती, हे मला माहीत नव्हते. भांडी कोणाची, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. जावयांची नोकरी जानेवारीतच गेली होती. द्वारका मात्र आम्हाला सांगत होती की ओव्हरटाइम जोरात चालू आहे. तिला पाचवा महिना होता. भांड्यांचे पैसे संपल्यावर ती एका बांधकामावर विटा वाहायला गेली. एप्रिलमध्ये मूल गेले. पाय घसरला, असे आम्हाला कळवले. त्यानंतर तिला मूल झाले नाही.

त्याच वर्षी दिवाळीला तिला आणायला गेलो, तेव्हा लक्ष्मीबाईला मांडणीवर प्लॅस्टिकची ताटे दिसली.

"भांडी कुठं गेली गं?"

"आबाच्याच दुकानात," द्वारका म्हणाली. "आवडाबाईच्या हाती धाडली व्हती. तोंडानं मागायची लाज वाटली. म्हणलं, आबानंच नाव टाकलंय, दिसलं की येतील. आठ दिस वाट बघितली."

मी म्हणालो, "पोरी, आपन नाव वाचतच नाय."

"मंग बरंय," ती म्हणाली. "मला लई लागलं व्हतं. वाटलं, आबा वाचून गप बसले." एवढे बोलून ती हसली आणि चहा ठेवायला उठली.

५. बफची मोटर कोणालाही देऊ नये. भंगारात घालावी.

६. हे कलम मी तीन वेळा लिहून फाडले आहे. शुद्धीवर लिहितो असे वर म्हटले आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय सही करता येत नाही.

द्वारका, मी वाचले होते. पोत्यातून पहिलेच मोठे पातेले निघाले. त्या वेळी देवगाव रंगारीचे एक लग्नघर बाकावर बसले होते, चार महिन्यांतली पहिली मोठी खरेदी. काकासाहेबही तिथेच होते. पातेले बाजूला ठेवले असते तर कोणाचे म्हणून त्यांनी विचारले असते आणि गायक्याच्या मुलीवर भांडी मोडायची वेळ आली, हे संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. म्हटले, आत्ता घासतो, संध्याकाळी तिच्याकडे जातो. संध्याकाळी वाटले, तिनेच यावे, मी बाप आहे. तुझे घर दुकानापासून दोन किलोमीटरवर होते.

त्या दिवाळीला तू मला खोट्यावर माफ केलेस आणि मी ती माफी पंधरा वर्षे खाल्ली. ती परत करतो आहे. आता खरे काय ते माहीत झाल्यावर तू दुकान चालव, वीक, नाहीतर कुलूप लावून टाक. माझी अट नाही.

पातेल्यावर "द्वारका हिस आबांकडून" असे होते. आधी तुझे नाव गेले. "आबांकडून" एवढेच उरले, तेव्हा मी मोटर बंद केली होती. बाकावरून कोणीतरी म्हणाले, किती वेळ लागंल? मी मोटर पुन्हा चालू केली.

ठिकाण: चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२५

सही: सांडू पुंजाराम गायके

सांडूभाऊंनी आमच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली. पाच कलमे त्यांनी स्वतः वाचून दाखवली. सहावे त्यांना वाचवेना, ते केरबाने वाचले.

साक्षीदार:
१. केरबा कडूबा शेजुळ, चिकलठाणा
२. मनकर्णाबाई तुकाराम वाघ, चिकलठाणा