नातीची गाठ निघाली

सौ. हिस,

आधी खाली बस, मग वाच. आपण जिंकलो! नातीच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ सबंध निघाली. आज तपासणीचा कागद आला, कर्करोग नाही. मी डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं, चौथ्यांदा त्या हसल्याच.

काही महिने तिच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, म्हणून वेळा लिहून खिशात ठेवल्यात. तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग.

पोर खाऊन फुगली नव्हती गं. ती गाठच नको तितकं हार्मोन सोडत होती, आणि मी मात्र तिच्या ताटातला भात काढून घेत होतो! आज तिच्या ताटाकडे नुसतं बघितलं, तर म्हणते, "आजोबा, आता काढायचं नाही, वाढायचं!"

दोनदा वाढलं.

तुझा,
घाबरट म्हातारा