एका हौदातली दोन कासवं

अप्पा, माझ्या सुनेने काचेच्या टाकीत दोन कासवं पाळली आहेत. एक कानामागे लाल पट्टा असलेलं, बशीएवढं; दुसरं काळपट, ठिपक्यांचं, त्याच्या निम्मं. गेल्या आठवड्यात लहानाची शेपटी रक्ताळलेली दिसली आणि माझा संशय सरळ टाकी धुणाऱ्या बाईवर गेला. ब्रश जोरात घासला असेल, हातातून पाडलं असेल, सांगत नसेल. मी आडून विचारलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माज्यावर का येताय, ताई? त्या दांडग्याचं तोंड बगा की. वाघ न् शेळी एका दावणीला बांधलीया तुमी!" तरी ती जाईपर्यंत तिच्या हातांवरून माझी नजर हटली नाही.

अशी नजर मी तुमच्या डोळ्यांतच पाहिली होती. सांगोल्याची आपली विहीर आटली त्या वर्षी तुम्ही तिच्यातलं कासव बादलीत घालून एसटीने सोलापूरला आणलंत. कासव असलं की पाणी निवळ राहतं, म्हणून आपल्या अंगणातल्या हौदातही आधीपासून एक होतंच. मऊ पाठीचं, लांब मानेचं. टंचाईत दुसऱ्यासाठी वेगळं पाणी कुठून आणणार? तुम्ही दोघांना एकत्र सोडलंत. "राहतील भावाभावासारखी," म्हणालात. चार दिवसांत विहिरीतल्याच्या पुढच्या पायाचा लचका गेलेला.

तुम्ही आईला हळूच विचारता, हौदावर कोण कोण येतं? येते ती एकटी शेजारची आक्का, मागावर विणणाऱ्यांच्या घरातली, रोज दोन घागरी भरायला.

"आक्का, घागर आपटली का हो आत?"

"अय्यो अण्णा, मी कशाला आपटू? मुका जीव हाय की त्यो."

तुम्ही मान डोलावलीत, आणि दुसऱ्या दिवशी हौदाच्या झाकणाला कुलूप घातलंत. आक्का रिकामी घागर कडेवर घेऊन उन्हातून लांबच्या टँकरकडे चालू लागली. ती पुन्हा आपल्या दारात आली नाही.

आज दुपारी मी टाकीत दाणे टाकले. मोठ्या कासवाने दाणे सोडून लहानाची शेपटीच धरली. मी बाईला फोन करून चूक कबूल केली. "म्हनलं न्हवतं?" म्हणाली आणि हसली. इतकं सोपं होतं ते. आक्काच्या घरच्यांचा मात्र आता ठावठिकाणा नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेतून आल्यावर, मी झाकण उघडलं होतं. मऊ पाठीच्याने मान लांबवून दुसऱ्याचा पाय धरलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि झाकण पुन्हा लावून टाकलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी मला कधी मॉनिटर केलं नाही, अप्पा. आणि तुम्ही हौदाची किल्ली माझ्या फ्रॉकला पिनने अडकवली होती. खरं सांगितलं असतं तर ती परत द्यावी लागली असती.