नोहाचं पाणी कुठवर चढलं

मंगळवार, १७ सप्टेंबर १९६३, संध्याकाळचे सव्वासहा. खाणीतून येऊन नखांतला कोळसा काढत होतो, तो अर्धा टाकून लिहितो आहे.

ती. होबार्टकाकांस डेल्मरचा प्रभूच्या नावाने सलाम.

तुम्ही दार उघडत नाही, म्हणून कागद. रविवारी चर्चमध्ये साऱ्या मंडळीसमोर तुम्ही म्हणालात की आठवीतून शाळा सोडलेला हा पोरगा नोहाचं पाणी बादलीने मोजतो. लोक हसले. तुम्ही डीकन असाल, पण आधी काका आहात. मला बाजूला घेऊन विचारायचं होतं.

झालं ते असं. मी मुलांचा रविवारचा वर्ग घेतो, त्यात विल्डाने विचारलं की मार्चच्या पुरात आमचं घर गेलं, म्हणजे आम्हीही नोहाच्या वेळच्या लोकांसारखे वाईट का. नऊ वर्षांची पोर. मी म्हणालो, तुम्ही वाईट नाही, आणि नोहाचं पाणीही कदाचित त्याच्या मुलखापुरतंच असेल. हे मनाने रचलेलं नाही. बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक, अध्याय आठ: पाचव्या वचनात डोंगरमाथे दिसले, नवव्यात कबुतर परतलं, कारण सर्व पृथ्वीवर पाणी होतं. माथे उघडे, तर सर्व पृथ्वीवर कसं? तीनदा ताडून पाहिलं.

प्रलय साऱ्या जगावर आला असं लिहिलेल्या कागदावर सही केली नाही तर वर्ग काढून घेणार म्हणता. तो वर्ग सोडून माझ्याकडे दुसरं काही नाही. तो राहू द्या.

रागावूनही मला जेवायला थांबवत आलात, तेवढं तरी चालू ठेवा.

डेल्मर

गुरुवार, १९ सप्टेंबर

चि. डेल्मर यास आशीर्वाद.

तुझ्यापेक्षा ते कबुतर शहाणं, निदान नोहाच्या तारवात परत आलं.

आता नववा अध्यायही वाच, पंडिता. असा प्रलय पुन्हा आणणार नाही, असं देवाने वचन दिलं. नोहाचं पाणी मुलखापुरतं होतं, तर मार्चमध्ये आपल्या ओढ्याला आलं ते काय? मग देवाने वचन मोडलं, तेही तुझ्या व्हर्नाकाकूला बुडवून. मी तिचा हात धरला होता, डेल्मर. घट्ट धरला होता. ते पाणी देवाच्या रागाचं नव्हतं, हे रोज सकाळी मला स्वतःला सांगावं लागतं. जगभरचा प्रलय एकदाच आला आणि संपला, म्हणूनच ते सांगता येतं. तेही तू काढून घेणार?

सही कर. नाही तर शनिवारच्या सभेत तुझ्याविरुद्ध पहिला हात माझा वर जाईल.

खाणीत ओले मोजे घालून राहू नकोस.

होबार्टकाका

रविवार, २२ सप्टेंबर, सकाळचे नऊ. वर्गाची वेळ होत आली. घरीच आहे.

ती. काकांस सलाम.

काल एकोणीस हात वर गेले. मी मोजले. पहिला तुमचा.

नवव्या अध्यायाला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही सही केली नसती. जगभरची तान्ही बाळंसुद्धा वाईट होती म्हणून बुडाली, हे त्या पोरीला माझ्या तोंडून सांगवणार नाही.

पण खरा राग वेगळाच आहे. सहा महिने दर रविवारी तुमच्या मेजावर जेवलो, आणि काकूचा हात तुमच्या हातातून सुटला हे एकदाही बोलला नाहीत. सांगितलंत ते भांडणात, मला गप्प करायला. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मला ते असं कळायला नको होतं.

आजपासून वर्ग तुमच्याकडे आहे. विल्डा पुन्हा विचारेल. तिला आधी सांगा की ती वाईट नाही. मग पाणी हवं तेवढं चढवा.

आज जेवायला येत नाही. पुढच्या रविवारचं ठरलेलं नाही.

डेल्मर