रक्तपेढीतील संगणकाचे सील कोणी तोडले

प्रति,
मा. अधीक्षक,
संगणक व साधनसामग्री विभाग,
मध्यवर्ती रुग्णालय.

विषय : वीजतंत्री यांचे निलंबन मागे घेणे व रक्तपेढीच्या संगणकात जुनी हार्ड डिस्क परत न बसवणे याबाबत.

संदर्भ : आपले दि. ५ ऑगस्टचे दोन्ही आदेश.

महोदय,

१. मी रक्तपेढीत सकाळपाळीची तंत्रज्ञ आहे. निलंबित वीजतंत्रींना सगळे रुग्णालय मामा म्हणते, मीही इथे तसेच लिहिते. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले आहेत.

२. दि. ३ रोजी सकाळी पावणेअकराला शस्त्रक्रियागृहातून मागणी आली. बाळंतपणात एका बाईंचा रक्तस्राव थांबत नव्हता. त्यांचा गट इतका दुर्मीळ, की शीतपेटीत एकही पिशवी नव्हती. या गटाचे नऊ दाते आमच्या यादीत आहेत आणि ती यादी फक्त संगणकात होती. संगणक सकाळपासून टकटक आवाज करत होता. यादी उघडायला गेले आणि पडदा गोठला.

३. खोक्यावर आपल्या विभागाचे सील असल्याने मी आपल्या विभागाला फोन केला. उत्तर मिळाले, "सील उघडायची परवानगी ऑनलाइन मागा. अर्ज त्याच संगणकावरून भरावा लागतो." संगणक बंद पडल्याचे सांगितल्यावर, "मग आधी सुरू करा आणि भरा," असे सांगून फोन ठेवण्यात आला. हे मी चेष्टेने लिहीत नाही. त्या वेळी मला रडू आले होते.

४. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत आदल्याच आठवड्यात दुसऱ्या डिस्कवर घेतलेली होती व ती आमच्याच कपाटात होती. मामा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. खोके उघडून ती डिस्क आम्ही जुनीच्या शेजारी जोडली. जुनी कशीबशी सुरू झाली, पण यादी उघडेना आणि ऑपरेटिंग सिस्टीम नवीला ओळखच देईना. मामांची भाची संगणक दुरुस्त करते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, दोन्हींची ओळखखूण एकच आहे. एकाच नावाची दोन माणसं हजेरीला उभी राहिली, तर दुसऱ्याला बाहेर काढतात ना, तसं झालंय. जुनी काढा, तिच्या जागी नवी लावा."

५. जुनी काढायची म्हणजे होता नव्हता तो आधार सोडायचा. ती पुन्हा सुरू होईल याची शाश्वती नव्हती. एवढ्यात शस्त्रक्रियागृहातली परिचारिका दुसऱ्यांदा दारात आली. मी वायर उपटली.

६. नवी लावली. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली : डिस्क सापडली नाही. ती मी फोनवर वाचून दाखवली. भाची म्हणाली, "घाबरू नका. सुरू होताना कोणत्या डिस्ककडे बघायचं, त्या यादीत अजून जुनीचंच नाव वर असेल. नवीचं वर घ्या." तसे केले. अकरा वाजून बावीस मिनिटांनी यादी उघडली. पहिले दोन फोन लागले नाहीत. तिसरा दाता शिंपी निघाला. कात्री टाकून तो तसाच आला, गळ्यात मापाची पट्टी तशीच. बाई वाचल्या. मुलगी झाली आहे.

७. दोन दिवसांनी तपासणी झाली, तेव्हा मी आतल्या खोलीत रक्तजुळणी करत होते. सील कोणी तोडले असे विचारताच मामांनी "मी" म्हटले आणि जागीच निलंबन झाले. महोदय, सील मी तोडले. मामा जिन्यात होते तेव्हाच, माझ्या कात्रीने. मामांनी फक्त स्क्रू काढले.

८. हे सांगायला मला नऊ दिवस लागले. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. मी मामांच्या घरी गेले, तर मामी म्हणाल्या, "ते म्हणतात, माझं काय, चार महिने. तिचं आयुष्य पडलंय." मी चहा घेऊन परत आले आणि तरीही गप्प राहिले. त्या चहाची मला लाज वाटते.

९. आपल्या दुसऱ्या आदेशानुसार नव्या डिस्कचा क्रमांक दप्तरी नसल्याने जुनी बसवून 'पूर्वस्थिती' आणायची आहे. जुनी डिस्क आता आवाजही करत नाही. सुरू असलेला संगणक बंद पाडण्याचे काम माझ्या हातून होणार नाही. आपण माणूस पाठवल्यास अडवणार नाही, मात्र त्याने लेखी आदेश आणावा आणि शस्त्रक्रियागृहाला आधी कळवावे. नऊही दात्यांची नावे मी वहीत हाताने उतरवली आहेत.

१०. तरी मामांना कामावर परत घ्यावे व जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी. माझा जबाब सकाळपाळीत केव्हाही घेता येईल. मामांनी हा अर्ज पाहिलेला नाही. पाहिला असता, तर फाडला असता.

आपली नम्र,
(सही)
तंत्रज्ञ, रक्तपेढी, सकाळपाळी
दि. १४ ऑगस्ट

सोबत : शस्त्रक्रियागृहाच्या मागणीपत्राची प्रत, दात्यांच्या हस्तलिखित यादीची प्रत.